परदेशांतील बँक आणि ऋणशेष

ऋणाचा शेष ठेवूं नये, हा आपल्याकडील जुना नीतिपाठ. आमच्या वाचकांपैकीं कित्येकांचीं मुलें व नातवंडें अमेरिकेंत आहेत. त्यांस तो तेथील बँकेच्या दारांतही उपयोगी पडेल, म्हणून या महिन्यांत हा विषय घेतला आहे.

समजा, एखादी मुलगी शिक्षण संपवून स्वदेशीं परतली. दैनंदिन देवघेवीच्या चेकिंग खात्यांत चार डॉलर उरले, म्हणून तिनें तें तसेंच सोडलें. किमान शिल्लक नाहीं, म्हणून दरमहा आकार चढत गेला व बाकी उणी झाली. ती न भरल्यास बँक खातें बंद करते आणि बहुधा 'चेक्ससिस्टम्स' नामक संस्थेस कळविते. ही नोंद सामान्यतः ५ वर्षें राहते. पुढें तीच मुलगी नोकरीनिमित्त पुन्हां तेथें गेली, तर दुसरी बँकही ही नोंद पाहून तिला खातें नाकारूं शकते. कर्जफेडीची पत दाखविणारा क्रेडिट स्कोअर निराळा. तो उत्तम असूनही येथें अडण्याचा संभव असतो. खातें नसल्यास पगाराचा चेक वटविण्यासही दुकानदारास आकार द्यावा लागतो; म्हणजे अडलेल्यासच भुर्दंड!

तथापि ही नोंद म्हणजे ब्रह्मलिखित नव्हे. तेथील १९७० च्या फेअर क्रेडिट रिपोर्टिंग ॲक्टान्वयें, अशा नोंदीवरून नकार देणाऱ्या बँकेस ती पुरविणाऱ्या संस्थेचें नांव सांगावें लागतें. ग्राहकास आपली नोंद १२ महिन्यांतून एकदां विनामूल्य मागवितां येते. ती चुकीची असल्यास लेखी हरकत घ्यावी; संस्थेस साधारणतः ३० दिवसांत चौकशी करावी लागते. देणें खरें असल्यास तें फेडावें, पावती घ्यावी आणि फेड झाल्याचें नोंदींत लिहवून घ्यावें. फेडल्यानें नोंद पुसली जातेच असें नाहीं. परंतु थकलेलें देणें व फिटलेलें देणें यांत बँका भेद करितात.

कांहीं बँका अशा ग्राहकांस 'सेकंड चान्स' नांवाचें मर्यादित सोयींचें खातें देतात. त्यांत बहुधा मासिक आकार असतो. 'बँक ऑन' या नियमावलीनें प्रमाणित केलेल्या खात्यांत मात्र शिलकेबाहेर रक्कम गेल्याबद्दल दंड नसतो. असें खातें नीट चालविल्यास कालांतरानें नेहमींचें खातें मिळण्याची वाट मोकळी होते.

यास्तव परतणाऱ्या मुलांस वडील मंडळींनीं एवढेंच लिहावें : खातें विधिपूर्वक बंद करा आणि देणें उरलें नसल्याचा बँकेचा कागद जपून ठेवा.