खांद्यावर कॅमेरा, बोटांना मुंग्या

गेल्या वर्षी श्रावणात एक पंचविशीतला तरुण माझ्या परळच्या दवाखान्यात आला. आला म्हणण्यापेक्षा त्याची आई त्याला घेऊन आली. तक्रारही तिनेच सांगितली. "डॉक्टर, ह्याच्या हातातून चहाचा कप सुटतो. दोन कप फोडले. ह्याला काही पॅरालिसिस वगैरे तर नाही ना?"

मुलगा कसनुसा हसला. उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट यांना महिनाभर मुंग्या येत होत्या. रात्री हात जड व्हायचा, सकाळी उठल्यावर थोडा वेळ मूठ घट्ट आवळता यायची नाही. मानेचा एक्स-रे कुठूनतरी काढून आणलेला होता, तो स्वच्छ होता. मेडिकलवाल्याने दिलेल्या वेदनाशामक गोळ्या खाऊन झाल्या होत्या. त्याला शर्ट काढून आरशासमोर उभे केले, तेव्हा उजवा खांदा डाव्यापेक्षा चांगला बोटभर खाली उतरलेला दिसला. मी विचारले, "काम काय करतोस?"

"फोटो काढतो, डॉक्टर."

लालबाग-परळच्या वाचकांना पुढचे सांगायला नको, पण रायगड जिल्ह्यातल्या आपल्या वाचकांसाठी सांगतो. आमच्याकडच्या कार्यशाळांतून मोठ्या मूर्ती मंडळांकडे निघतात, त्या आगमनाच्या मिरवणुका गेल्या दहा-पंधरा वर्षांत एक वेगळाच सोहळा होऊन बसल्या आहेत. पुलावर, दुभाजकावर, एकमेकांच्या खांद्यावर चढून शेकडो पोरे कॅमेरे रोखून उभी असतात. हा त्यांतलाच एक. एरवी लग्नाच्या ऑर्डरी, आणि ज्या शनिवारी काम नसेल त्या रात्री दादरहून शेवटची कर्जत लोकल पकडून कुठल्यातरी डोंगरावर.

मी म्हटले, "उद्या येताना तुझी बॅग जशी डोंगरावर नेतोस तशी भरून आण." दुसऱ्या दिवशी तो सगळा सरंजाम आमच्या वजनकाट्यावर चढला. एका कॅमेऱ्याला लांब पल्ल्याची मोठी लेन्स, दुसऱ्याला लहान पल्ल्याची; हे दोन्ही गळ्यात, मिळून चार किलो. पाठीवरच्या सॅकमध्ये ट्रायपॉड, फ्लॅश, बॅटऱ्या, पाणी, डबा, रेनकोट मिळून साडेसहा किलो. त्याचे स्वतःचे वजन चोपन्न. म्हणजे शरीराच्या जवळजवळ पाचव्या हिश्शाएवढे ओझे, आणि त्यातले सर्वांत अवघड चार किलो मानेवर, दोन बोटे रुंदीच्या पट्ट्याला लटकलेले.

वाचकहो, मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसांचा जुडगा मानेच्या बाजूच्या स्नायूंमधून निघतो, पुढे गळपट्टीचे हाड आणि पहिली बरगडी यांच्यामधल्या अरुंद फटीतून जातो आणि मग काखेतून हातात उतरतो. रक्तवाहिन्याही तिथूनच जातात. एका खांद्यावर रोज तासन् तास ओझे लटकले की गळपट्टीचे हाड खाली दबते, फट आणखी चिंचोळी होते आणि नसा चेंगरतात. मुंग्या आधी, मग बधिरपणा, मग ताकद कमी. करंगळीच्या बाजूची बोटे या प्रकारात बहुधा आधी तक्रार करतात. अर्थात मानेच्या मणक्यांतील चकती किंवा कोपराजवळची नस दाबली गेली तरी मिळतीजुळती लक्षणे दिसतात, म्हणून तपासणी हवीच. पण तपासणाऱ्याने बॅगेची चौकशीही करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. आम्ही डॉक्टर लोक रोग्याला काय खातोस ते विचारतो, काय उचलतोस ते विचारायला विसरतो.

कॅमेऱ्याच्या खोक्यात कंपनी जो पट्टा देते, त्याबद्दल मला थोडे रागानेच बोलायचे आहे. त्यावर कंपनीचे नाव ठसठशीत असते, तो मिरवायला उत्तम. लहान हलक्या कॅमेऱ्याला तो चालेलही. पण पाऊण-एक किलोचा कॅमेरा आणि त्याला दीड किलोची लेन्स असे धूड त्या पट्ट्याने गळ्यात अडकवून चार तास चढ चढायचा, हा प्रकार चुकीचा आहे. वजन छातीच्या पुढे लोंबते, मान पुढे ओढली जाते, ती सावरायला मानेमागचे आणि पाठीचे स्नायू दिवसभर ताणलेले राहतात. शिवाय पावलागणिक कॅमेरा छातीवर आपटतो तो वेगळाच.

ओझे कसे वाहावे हे आपल्या लोकांना कोणी शिकवायला नको होते. डोक्यावर चुंबळ ठेवून हंडा आणणारी बाई पाहा. वजन कण्याच्या बरोबर वर, सरळ रेषेत. मुंबईच्या डबेवाल्याची डब्यांनी भरलेली लांब पेटीही डोक्यावरच असते. कावडीला दोन्ही बाजूंना सारखे वजन, म्हणून कावडवाला वाकडा होत नाही. एकाच हातात बादली नेणारा होतो. (डोक्यावरच्या ओझ्यानेही वर्षानुवर्षांनी मानेचे मणके झिजतात, तेव्हा कॅमेरा डोक्यावर घ्या असे मी सांगत नाही.) मुद्दा एवढाच की वजन अंगाच्या जवळ, मध्यरेषेच्या आसपास आणि दोन्ही बाजूंना सारखे असावे.

डोंगर चढणाऱ्याला ते साधायचे तर ओझे खांद्यावरून कमरेवर उतरवले पाहिजे. चांगल्या सॅकला कमरेचा रुंद पट्टा असतो. आमची पोरे तो नुसता लोंबता ठेवतात किंवा कापून टाकतात! तो पट्टा पोटावर नव्हे, कमरेच्या दोन्ही हाडांच्या वरच्या कडेवर बसला पाहिजे. आधी तो आवळायचा आणि मग खांद्यांचे पट्टे ओढायचे. नीट बसला की वजनाचा मोठा वाटा कंबर आणि मांड्या उचलतात, खांदे फक्त सॅक मागे पडू देत नाहीत. मोठी लेन्स सॅकमध्ये पाठीला चिकटून ठेवावी, बाहेरच्या कप्प्यात नको. बायकांनी सॅक घेताना पाठीची लांबी पाहून घ्यावी. पुरुषी मापाची सॅक त्यांच्या कमरेखाली घसरते आणि सगळा भार पुन्हा खांद्यावर येतो.

मग फोटो काढायचा कसा? हा प्रश्न त्या मुलानेही विचारला, आणि तो रास्त आहे. कॅमेरा सॅकच्या तळाशी गेला तर गरुड उडून जातो. कोकणकड्यावर धुक्यात इंद्रवज्र उमटले तर ते तुमची बॅग उघडेपर्यंत थांबत नाही. सपाट वाटेवर चार बोटे रुंदीचा, आत मऊ गादी असलेला पट्टा जानव्यासारखा तिरका घालावा, कॅमेरा कमरेच्या मागच्या अंगाला टेकलेला राहील इतपत लांब. तासा-दीड तासाने खांदा बदलावा. सॅकच्या खांदापट्टीवर कॅमेरा अडकवायची धातूची खिट्टी मिळते, तीही चांगली, पण किलो-सव्वा किलोपर्यंतच आणि सॅकचा कमरेचा पट्टा आवळलेला असेल तरच. नाहीतर तो एक खांदा पुन्हा खाली. दोन्ही खांद्यांवरून येणारा छातीचा पट्टाही मिळतो. या वस्तू महाग वाटल्या तर बॅगा शिवणाऱ्याकडून जुन्या सॅकचा रुंद पट्टा आणि गोधडीचा तुकडा घालून शिवून घ्या. आमच्याकडे एकाने तसा घेतला आहे, झकास चालतो.

पण चढ उभा झाला की कॅमेरा आत. इथे मी कोणाचे ऐकून घेत नाही, कारण हे मी अंगावर भोगले आहे. १९९१ च्या पावसाळ्यात, मेडिकलला असताना, कर्जतहून कोंदिवडेमार्गे राजमाचीला गेलो होतो. गळ्यात मामाचा कॅमेरा. ओल्या कातळावर पाय सटकला, आणि त्या क्षणी माझा उजवा हात कातळ धरायला न जाता कॅमेरा धरायला गेला. सगळा भार डाव्या तळव्यावर पडला. कॅमेऱ्याला ओरखडाही नाही, माझे मनगट मोडलेले. सहा आठवडे प्लॅस्टर आणि वर मामाची शाबासकी! गळ्यातला कॅमेरा वजनाने दमवतो ते ठीक, पण घसरताना तो तुमचा एक हात पळवतो, आणि हा धोका मला मोठा वाटतो. कळसूबाईच्या शिड्यांवर लोंबता पट्टा गजात अडकू शकतो. हरिहरच्या खोदीव पायऱ्या उतरताना तोंड कातळाकडे करावे लागते, तेव्हा छातीवरचा कॅमेरा तुमच्या आणि कातळाच्या मध्ये येतो आणि तुम्हाला मागे ढकलतो.

हे सारे मुंबईच्या हौशी पोरांपुरते आहे असे समजू नका. कर्जत, पाली, महाडच्या स्टँडवर शनिवार-रविवारी ती तुम्हाला दिसतातच. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांची युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत नोंद झाली, त्यांतले रायगड आणि खांदेरी आपल्या जिल्ह्यातले. कॅमेरे आता वाढणारच. तुमच्या गावचा लग्नाचा फोटोग्राफर सकाळच्या हळदीपासून रात्रीच्या वरातीपर्यंत दोन कॅमेरे गळ्यात घेऊन उभा असतो. त्याचा घरसंसार त्या खांद्यावर चालतो. जेवणाच्या पंगतीत तरी त्याने ते उतरवून ठेवावेत, आणि यजमानांनी त्याला तेवढी उसंत द्यावी.

डोंगरावर किती वजन न्यावे? मी दिवसभराच्या चढाईला स्वतःच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास सांगतो, सवय असलेल्याला थोडे अधिक. एकच कॅमेरा, एकच लेन्स न्यावी असेही सांगतो. दुसरी लेन्स घरी ठेवल्याने काही फोटो हुकतील, हे मला मान्य आहे.

मुंग्या दोन-तीन दिवसांत गेल्या नाहीत, पकड सैल झाली, हात डोक्यावर नेताना जड वाटू लागला, किंवा खांद्याच्या मागचे फावड्यासारखे हाड बाहेर आल्यासारखे दिसले, तर गोळ्या खाऊन पुढचा ट्रेक करू नका. डॉक्टरांना दाखवा. जिल्हा रुग्णालयात फिजिओथेरपीची सोय असते, तिचा उपयोग करा. आणि चाळिशी उलटलेल्यांनो, चढताना छातीत दडपण, घाम आणि हातात कळ आली तर 'पट्ट्याने दुखत असेल' म्हणून पुढे चालू नका. जागीच बसा, सोबत्यांना सांगा, आणि लवकरात लवकर ईसीजी काढता येईल अशा ठिकाणी पोहोचवायला लावा.

आमच्या त्या मुलाला ओझे पूर्ण बंद करावे लागले. आगमनाचे दोन रविवार बुडाले, एका लग्नाची ऑर्डर त्याने मित्राला दिली. माझ्यावर तो चिडला होता, आणि मला ते समजत होते; घरात त्याच्याशिवाय कमावणारे कोणी नाही. फिजिओथेरपीत खांदे मागे घेण्याचे, मानेच्या बाजूचे स्नायू सैल करण्याचे व्यायाम शिकवले, ते त्याने मुकाट्याने केले. पकड यायला दोन महिने लागले. करंगळीची टोचणी अजून अधूनमधून होते.

दिवाळीनंतर तो दवाखान्यात आला आणि मी काही विचारण्याआधी त्याने सॅक आणि कॅमेरा वजनकाट्यावर ठेवले. साडेचार किलो. चेहऱ्यावर परीक्षेत पहिला आल्याचा भाव. मी सॅक उघडून पाहिली. पाण्याच्या दोन्ही बाटल्या काढून ठेवल्या होत्या. बाहेरच्या पिंपातून त्या भरून आणायला लावल्या आणि पुन्हा वजन केले. साडेसहा. "ट्रायपॉड काढ," मी म्हटले, "पाणी नाही."