गाडी छोटी झाली म्हणून चालक स्वस्त झाला काय?

६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ठणकावून सांगितले, की हलक्या वाहनाचा परवाना असेल तर साडेसात हजार किलोपर्यंतचे मालवाहू वाहन चालवायला वेगळी नोंद लागत नाही. त्या नोंदीच्या आड लपून अपघाताची भरपाई टाळू पाहणाऱ्या विमा कंपन्यांना ही सणसणीत चपराक होती. आम्ही निकालाचे स्वागतच करतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी-दारव्ह्याकडच्या कोरडवाहू शेतकऱ्याचा पोरगा छोटा हत्ती किंवा पिकअप चालवून घर चालवणार असेल, तर त्याने दलालांचे उंबरठे का झिजवावेत?

पण या सवलतीचे लोणी खाल्ले कोणी? चालक सहज मिळू लागला, तसा त्याला हाकलणेही सोपे झाले. बांधील पगाराच्या जागी खेपेचा दर आला. मोठ्या ट्रकवर निदान क्लिनर असे. इथे चालकच सर्व काही. फाळका त्यानेच पाडायचा, सोयाबीनची पोती त्यानेच पाठीवर घ्यायची, ताडपत्रीचे दोर त्यानेच आवळायचे. बाजार समितीच्या फाटकापुढे गाडी अर्धा दिवस अडकली, तर त्या वेळेचा छदामही नाही. ही उघड लूट आहे!

आणि कायदा? १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली, पण पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्यापुरतीच. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितेने हा आकडा दहावर नेला. एकेका मालकाच्या दोन-तीन गाड्या असलेल्या यवतमाळात मग कायद्याच्या छताखाली उरतो कोण? तीन हजार किलोपर्यंतच्या गाडीला तर परमिटही लागत नाही. रात्री दोन वाजता डोळ्यांवर झापड घेऊन पांढरकवड्याच्या महामार्गावर धावणाऱ्या चालकाचे तास मोजणारा कोणी नाही, आणि सरकारला त्याची लाज नाही!

किमान वेतन मात्र एका चालकालाही लागू आहे. कामगार खात्याने कापसाच्या याच हंगामात वणी, पुसद, उमरखेडच्या जिनिंग आणि गोदामांच्या दारात उभे राहून मजुरी तपासावी. थांबून राहिलेल्या तासांचे आणि हमालीचे पैसे बिल्टीवर वेगळे लिहायला लावावेत. गाडीमालक हात वर करत असेल, तर ज्याचा माल गाडीत आहे त्या व्यापाऱ्याकडून, त्या कंपनीकडून ते वसूल करावेत.