खोट्या कटाचा फायदा कोणाला?

ऑलिव्हर स्टोनच्या 'जेएफके' या चित्रपटाची बाजू घेणारी माणसे बहुधा वाचणारी, विचार करणारी आणि सरकारच्या शब्दावर डोळे मिटून विश्वास न ठेवणारी असतात. म्हणूनच त्यांना उत्तर द्यायला हवे. त्यांचा पक्ष कमकुवत करून मांडण्यात अर्थ नाही, तेव्हा तो आधी पूर्ण मांडतो.

२२ नोव्हेंबर १९६३ रोजी डॅलसमध्ये अध्यक्ष केनेडी यांचा खून झाला. वॉरन आयोगाने दहा महिन्यांत तपास आटोपला आणि ली हार्वे ऑस्वाल्ड या एकट्या माणसाने हे कृत्य केले, असा निष्कर्ष काढला. ऑस्वाल्ड तर खटला उभा राहण्यापूर्वीच पोलिसांच्या ताब्यात असताना मारला गेला होता. लोकांचे समाधान झाले नाही आणि होण्यासारखे ते नव्हतेच. ही सरकारी दंतकथा आहे, तिच्यासमोर मी दुसरी दंतकथा उभी करतो, असे स्टोनने उघडपणे सांगितले आणि १९९१च्या डिसेंबरात तीन तासांहून मोठा चित्रपट लोकांपुढे ठेवला. त्यावरून इतका गदारोळ झाला की पुढच्याच वर्षी अमेरिकी काँग्रेसने कायदा करून हत्येसंबंधीची कागदपत्रे खुली करायला लावली. मग चार प्रसंग काल्पनिक असले, दोन-तीन माणसांचे मिळून एक पात्र केले, तर बिघडले काय? चित्रपट म्हणजे न्यायालयाचा निकाल थोडाच आहे?

बिघडले ते क्ले शॉ या माणसाचे. चित्रपटाच्या चाहत्यांशी बोलताना माझ्या लक्षात आले आहे, की त्यांना हत्येचा क्षण टिपणाऱ्या झॅप्रूडरच्या फिल्ममधली चौकट न चौकट पाठ असते, पण शॉचे पुढे काय झाले ते फारसे कोणाला ठाऊक नसते. शॉ हा न्यू ऑर्लीन्समधल्या इंटरनॅशनल ट्रेड मार्टचा निवृत्त संचालक. फ्रेंच क्वार्टरमधली जुनी घरे दुरुस्त करून त्यांना पुन्हा रूप देणे हा त्याचा ध्यास होता. तिथला जिल्हा सरकारी वकील आणि या चित्रपटाचा नायक जिम गॅरिसन याने १ मार्च १९६७ रोजी त्याला केनेडींच्या हत्येच्या कटात अटक केली. केनेडींच्या खुनासाठी न्यायालयात उभा राहिलेला तो एकमेव आरोपी. मुख्य साक्षीदार पेरी रुसो. शॉने एका बैठकीत हत्येची चर्चा केल्याची त्याची हकिगत सोडियम पेंटोथालचे इंजेक्शन आणि संमोहन यांनंतर भरत गेलेली होती. १ मार्च १९६९ रोजी ज्युरींनी तासाभराच्या आत शॉला निर्दोष सोडले. गॅरिसनने लगेच त्याच्यावर खोटी साक्ष दिल्याचा नवा खटला भरला. तो १९७१मध्ये फेडरल न्यायालयाने थांबवला आणि ही कारवाई सद्हेतूने झालेली नाही, असे स्पष्ट म्हटले. शॉने नुकसानभरपाईचा दावा लावला, पण १९७४च्या ऑगस्टमध्ये तो कर्करोगाने वारला. त्याला बायको-मुले नव्हती, आईवडील हयात नव्हते, भावंडे नव्हती. लुइझियानाच्या कायद्यानुसार अशा माणसाचा दावा त्याच्याबरोबरच संपतो, असा निकाल १९७८मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दिला.

म्हणजे १९९१ साली स्टोनने ज्याला पडद्यावर कटवाला म्हणून उभे केले, तो ज्युरींनी निर्दोष ठरवलेला, मेलेला आणि ज्याच्या वतीने कोणी न्यायालयात जाऊ शकणार नाही, असा माणूस होता. टॉमी ली जोन्सने ती भूमिका इतक्या ताकदीने केली की त्याला ऑस्करचे नामांकन मिळाले. आज शॉ म्हटले की लोकांना जोन्सचा चेहरा आठवतो.

'काल्पनिक पात्रे घेण्याचे स्वातंत्र्य' हा बचाव इथे टिकत नाही. स्टोनने ते स्वातंत्र्य घेतले, पण सोयीच्या जागी घेतले. पेरी रुसोची साक्ष खटल्यात दुबळी ठरली होती, म्हणून चित्रपटातून रुसो नाहीसा झाला आणि त्याच्या जागी विली ओ'कीफ नावाचा कल्पित कैदी आला, जो ठामपणे आणि तपशीलवार सगळे सांगतो. साक्षीदाराचे नाव बदलायला हरकत नव्हती, मग आरोपीचे का बदलले नाही? कल्पित साक्षीदाराची साक्ष खऱ्या माणसाविरुद्ध उभी करणे याला कलेचे स्वातंत्र्य म्हणायला मी तयार नाही. गॅरिसनचा दुसरा संशयित डेव्हिड फेरी. त्याने मरेपर्यंत कटाशी संबंध नाकारला. चित्रपटात तो हॉटेलच्या खोलीत थरथर कापत कबुली देतो. फेब्रुवारी १९६७मध्ये तो मेंदूतल्या रक्तस्रावाने मेला, असे मृत्युचिकित्सकाने नोंदवले. पडद्यावर कोणी तरी त्याच्या तोंडात औषध कोंबताना दिसते.

शेवटच्या पाट्यांमधली एक पाटी सांगते की शॉने सीआयएसाठी काम केल्याची कबुली त्या संस्थेच्या माजी प्रमुखाने शपथेवर दिली. शब्दशः हे खोटे नाही. पण परदेशी जाऊन आलेल्या हजारो अमेरिकी व्यापाऱ्यांशी सीआयएचा एक विभाग तिकडच्या बाजारपेठेची माहिती घेण्यासाठी बोलत असे आणि शॉ त्यांतला एक होता, हे पाटी सांगत नाही.

आता तंत्राबद्दल. स्टोनचा छायालेखक रॉबर्ट रिचर्डसन याने ३५ मिलिमीटर, १६ मिलिमीटर, सुपर ८, रंगीत, कृष्णधवल असे सगळे वापरले. या चित्रपटाला मिळालेले दोन्ही ऑस्कर छायालेखनाचे आणि संकलनाचे आहेत आणि ते योग्यच आहेत. पण त्या संकलनाने केले काय? झॅप्रूडरने टिपलेली खरी चौकट आणि अभिनेत्यांकडून करून घेतलेली खोटी चौकट एकाच दाण्याची, एकाच थरथरीची बनवली. प्रेक्षकाला चित्रपट नाटकी असतो हे माहीत असते, असे म्हणणारे हे विसरतात की या चित्रपटाने तो फरक ओळखण्याची खूणच पुसून टाकली आहे. पटकथा पुढे टिपांसह पुस्तकरूपाने आली, टीकाकारांचे लेखही तिच्यात छापले गेले. हे प्रामाणिकपणाचे होते, असे मी मानतो. पण अंधारात बसलेल्या प्रेक्षकाच्या मांडीवर ते पुस्तक नसते.

न्यायालयातला 'जादूच्या गोळी'चा प्रसंग आठवा. एकच गोळी केनेडी आणि त्यांच्याच गाडीतले गव्हर्नर कॉनली या दोघांना कशी लागेल, हे दाखवायला गॅरिसन दोन माणसांना पुढे-मागे, एका रेषेत, एका उंचीवर बसवतो आणि गोळीला हवेत वळणे घ्यायला लावतो. प्रत्यक्षात कॉनली घडीच्या बैठकीवर बसले होते. ती मागच्या आसनापेक्षा खाली आणि गाडीच्या मध्याकडे सरकलेली होती. तसे बसवले की रेषा सरळ जाते. या एका प्रात्यक्षिकाने कोट्यवधी लोकांची खात्री पटली आणि त्याचा पाया खुर्च्या चुकीच्या मांडण्यावर आहे. खुर्च्या न हलवताही याच प्रकरणात विचारण्यासारखे खरे प्रश्न आहेत. बेथेस्डाच्या नौदल रुग्णालयात शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांना बंदुकीच्या जखमांचा पुरेसा अनुभव नव्हता आणि त्यांच्या प्रमुखाने आपला पहिला मसुदा जाळला.

'सरकारही खोटे बोलले' हा त्या पक्षाचा सर्वांत भक्कम मुद्दा. मी तो पूर्ण मान्य करतो, आणि माझा खरा आक्षेप तिथूनच सुरू होतो. सरकार नेमके काय खोटे बोलले ते बघा. सीआयए कॅस्ट्रोला ठार मारण्याच्या योजना आखत होती. सीआयएचे माजी प्रमुख अॅलन डलस वॉरन आयोगाचे सदस्य होते, तरी आयोगाला हे सांगितले गेले नाही. खुनाच्या काही दिवस आधी ऑस्वाल्ड डॅलसच्या एफबीआय कचेरीत एक चिठ्ठी देऊन गेला होता. तो मारला गेल्यावर एजंट हॉस्टी याने वरिष्ठाच्या सांगण्यावरून ती नष्ट केली आणि १९७५पर्यंत कोणाला पत्ता लागला नाही. १९७८मध्ये काँग्रेसच्या समितीने पुन्हा तपास केला, तेव्हा सीआयएने संपर्क अधिकारी म्हणून जॉर्ज जोअॅनिडीस याला पाठवले. न्यू ऑर्लीन्समध्ये ज्या क्यूबन विद्यार्थी संघटनेशी ऑस्वाल्डचे भांडण झाले होते, ती १९६३मध्ये सांभाळणारा अधिकारी हाच होता आणि समितीला ते सांगितलेच गेले नाही.

ही खरी लपवाछपवी आहे. तिला तारखा आहेत, पदे आहेत, सह्या आहेत. आपली नामुष्की झाकण्यासाठी, आपण ऑस्वाल्डला ओळखत होतो आणि तरी गाफील राहिलो हे लपवण्यासाठी संस्था खोटे बोलल्या. त्यासाठी जबाबदार धरता येतील अशी माणसे होती. आणि त्या वेळी पडद्यावर काय चालू होते? वॉशिंग्टनच्या एका बाकावर बसून निनावी कर्नल गॅरिसनला सांगतो, की लष्कर, गुप्तचर, शस्त्रउद्योग आणि उपाध्यक्ष असे सगळेच यात आहेत. अशी भेट गॅरिसनच्या तपासात कधी झालीच नाही. व्हिएतनाममधून माघारीचा केनेडींचा निर्णय जॉन्सनने २६ नोव्हेंबरच्या आदेशाने उलटवला, हा त्या कर्नलचा आधार. त्या आदेशाचा मसुदा केनेडी जिवंत असताना, २१ नोव्हेंबरलाच तयार झाला होता आणि एक हजार सैनिक मागे आणण्याचे उद्दिष्ट अंतिम आदेशातही कायम होते.

फायदा कोणाला झाला ते विचार, असे तो कर्नल गॅरिसनला बजावतो. तोच प्रश्न मी या चित्रपटाबद्दल विचारतो. सगळेच दोषी असले की कोणीच दोषी राहत नाही. चिठ्ठी नष्ट करणाऱ्याला, आयोगापुढे गप्प बसणाऱ्याला, समितीला फसवणाऱ्याला या महाकटाच्या सावलीत सुरक्षित जागा मिळते. सत्तेवर अविश्वास ठेवणाऱ्या माणसाला हा चित्रपट आपला वाटतो. माझ्या मते तो सत्तेच्या सोयीचा आहे. १९९२च्या कायद्याचे श्रेय मी त्याच्याकडून काढून घेत नाही. जोअॅनिडीसचे प्रकरण याच कायद्याखाली खुल्या झालेल्या कागदांतून बाहेर आले. पण त्या कागदांनी गॅरिसनचा कट सिद्ध केला नाही आणि क्ले शॉला दोषीही ठरवले नाही.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे परके वाटू नये. गांधीहत्येवरचा 'नाइन अवर्स टु रामा' हा १९६३चा चित्रपट भारतात बंदी घातली गेल्याने इथे फारसा दिसला नाही. त्यात नथुराम गोडसेच्या वाट्याला कल्पित प्रेमप्रकरण आहे आणि घड्याळाशी शर्यत लावणारा कल्पित पोलीस अधिकारी आहे. खऱ्या दहा दिवसांत अशी शर्यत कोणी लावलीच नव्हती. २० जानेवारी १९४८ रोजी बिर्ला भवनात स्फोट झाला आणि मदनलाल पाहवा जागच्या जागी पकडला गेला. दुसऱ्याच दिवशी मुंबईच्या रुईया कॉलेजातले प्राध्यापक जे. सी. जैन यांनी, मदनलालने आपल्याला आधी काय सांगितले होते, ते मुंबई सरकारमधले बाळासाहेब खेर आणि मोरारजी देसाई यांच्या कानावर घातले. पुण्यातल्या एका वृत्तपत्राच्या संपादकाचा उल्लेख दिल्ली पोलिसांच्या तपासात आला होता. त्या पत्राचा संपादक कोण हे पुण्यात विचारले असते तर कळले असते. ३० जानेवारीपर्यंत ते वेळेवर विचारले गेले नाही. चौकशीसाठी नेमलेल्या कपूर आयोगाने पुढे हे सगळे तपासून पाहिले. त्या अहवालाची पाने वाचताना जो संताप येतो, तो कुठल्याही रचलेल्या प्रेमकथेने येणार नाही. या देशात खून पाडणाऱ्या विचाराचा आणि झोपलेल्या यंत्रणेचा हिशेब मागायचा तर तो त्या पानांतूनच मागता येतो.

मग असा चित्रपट काढायचा कसा? उत्तर इटलीत फ्रान्चेस्को रोझीने देऊन ठेवले आहे. सिसिलीचा दरोडेखोर साल्वातोरे जुलियानो जुलै १९५०मध्ये कास्तेलव्हेत्रानोच्या एका अंगणात मेलेला सापडला. पोलिसांनी सांगितलेली चकमकीची हकिगत खोटी होती. त्याच्या टोळीने १ मे १९४७ रोजी पोर्तेल्ला देल्ला जिनेस्त्राला शेतकऱ्यांवर गोळ्या झाडल्या, त्या कोणाच्या हुकमावरून, हेही अंधारात राहिले. रोझीने १९६२च्या चित्रपटात जुलियानोचा चेहराही जवळजवळ दाखवला नाही. जे नोंदीत आहे ते त्याच गावांत, तिथल्याच लोकांना घेऊन उभे केले आणि जिथे नोंद संपते तिथे तो थांबला. ती मोकळी जागा तशीच डोळ्यांसमोर ठेवल्याने सरकारचे खोटे अधिक उघडे पडते.

पुढे तेल कंपनीचा प्रमुख एन्रिको मत्तेई याच्या १९६२मधल्या विमान अपघाती मृत्यूवर रोझी चित्रपट करत होता. मत्तेईच्या सिसिलीतल्या शेवटच्या दिवसांचा माग काढायचे काम त्याने माउरो दे माउरो या पत्रकाराकडे दिले. सप्टेंबर १९७०मध्ये दे माउरोला पालेर्मोत पळवून नेले गेले; त्याचे प्रेतही मिळाले नाही. कटावर विश्वास ठेवण्याचे याहून मोठे कारण कुठल्या दिग्दर्शकाला मिळाले असेल? तरीही १९७२च्या त्या चित्रपटात रोझीने शक्यता शक्यता म्हणूनच ठेवल्या, कोणाच्या तोंडी कबुली घातली नाही. पुढे नव्वदच्या दशकात पाव्हियाच्या सरकारी वकिलाने तपास पुन्हा उघडला आणि विमानात स्फोट झाल्याचा पुरावा समोर आला, तेव्हा रोझीला आपल्या चित्रपटातले एक अक्षरही मागे घ्यावे लागले नाही.

'असले रुक्ष चित्रपट बघणार कोण?' हा शेवटचा आक्षेप. कोस्ता-गावरासचा १९६९चा 'झेड' जगभर पाहिला गेला आणि त्याला ऑस्करही मिळाले. ग्रीसचा खासदार लांब्राकिस याला मे १९६३मध्ये थेसालोनिकीत तीनचाकी गाडीवरून आलेल्या गुंडांनी मारले. त्यात कट होता आणि तो सार्त्झेताकिस या तपास न्यायाधीशाने एकेक साक्षीदार पकडून पोलीस अधिकाऱ्यांपर्यंत नेऊन भिडवला. हाताशी असा पुरावा असूनही गावरासने पडद्यावर कोणाचे खरे नाव घेतले नाही. ग्रीक लष्करशहांनी त्या चित्रपटावर बंदी घातली आणि सार्त्झेताकिसला तुरुंगात टाकले. १९८५मध्ये तोच न्यायाधीश ग्रीसचा राष्ट्राध्यक्ष झाला.