नास्तिक म्हणजे कोण ?

घरचें लग्न भटावांचून लाविलें कीं त्या कुणब्यास ‘नास्तिक’ म्हणण्याची खोड गांवोगांव आहे, आणि तो बिचारा शब्द ऐकूनच गर्भगळीत होतो. आम्ही विचारतों, या शब्दाचा अर्थ कोणी पाहिला आहे काय ? तर्काच्या जोरावर वेदस्मृतींचा अवमान करील तो नास्तिक, असें मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायांत आहे. देवाचें तेथें नांवही नाहीं ! म्हणून तर जगाचा कर्ता न मानणारे मीमांसेचे जुने शास्त्री आस्तिकांत बसले; त्यांनीं वेद मानिला होता. आणि १८७३ सालीं सत्यशोधक समाज स्थापन करणारे जोतीराव, निर्मिकास मानीत असूनही, मनूच्या मापानें नास्तिक !

देव खरोखर न मानणारेही आहेत. आपण नास्तिक कां, हें भगतसिंगांनीं १९३० सालीं लाहोरच्या तुरुंगांत लिहिलें. हें गर्वानें नव्हे, असें ते सांगतात. देव सर्वशक्तिमान, तर दुष्टाचा हात पाप करण्यापूर्वींच कां धरीत नाहीं, हा त्यांचा प्रश्न. स्वर्गाची आशा नसतांही ते २३ मार्च १९३१ रोजीं फांसावर गेले.

आम्ही स्वतः निर्मिकास मानितों. पण हाच प्रश्न उद्यां वर्गांत कुणब्याच्या पोरानें विचारला, तर त्यावर छडी उगारण्यास आमचा हात उठणार नाहीं.