घरातला टीकाकार

कैरोचे प्राध्यापक नसर हामिद अबू झैद म्हणत, की कुराण ईश्वरवाणी खरी, परंतु ती सातव्या शतकातील अरबांच्या भाषेत अवतरली. त्या काळाचे भान ठेवून ती वाचावी. १९९५ साली न्यायालयाने त्यांना धर्मत्यागी ठरवून त्यांचा विवाहच रद्द केला! पतिपत्नींनी हॉलंडमध्ये लायडन येथे आश्रय घेतला. इस्लाम कधी बदलणारच नाही, असे म्हणणाऱ्या युरोपीयांना असा विद्वान पेचात टाकतो. कारण २०१० साली मृत्यू येईतो ते स्वतःस मुसलमानच म्हणवीत. टीकेचा शब्दही अपमान मानणाऱ्या सज्जनांचीही तीच अडचण. आणि आपण? धर्मस्वातंत्र्याचा जाहीरनामा आपल्या ख्रिस्तसभेने १९६५ साली काढला, तोही व्हॅटिकन परिषदेतील केवढ्या वादंगानंतर!