इंटरनेट : ग्राहकाची सोय की विद्यार्थ्याचा हक्क?

दूरध्वनी कंपन्यांनी घरोघरी इंटरनेट पोहोचविण्याचा सपाटा लावला आहे. तालुक्याच्या बाजारपेठेत, बसस्थानकावर, विजेच्या खांबांवर त्यांचे फलक झळकतात. महिन्याला अमुक रुपये भरा आणि हवे तेवढे इंटरनेट वापरा, असे आवाहन त्यांवर असते. हे आवाहन ग्राहकाला उद्देशून असते आणि ग्राहक म्हणजे दरमहा बिल भरू शकणारा माणूस. आपल्या निवासी शाळेत शिकणाऱ्या बहुतेक मुलांचे घर या व्याख्येत बसत नाही. म्हणून कंपनीने सेवा वाढविली म्हणजे शिक्षणाची सोय आपोआप वाढली, असे समजून स्वस्थ बसणे आपल्याला परवडणारे नाही. या प्रश्नाचा विचार माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधव यांनी एकत्र बसून केला पाहिजे.

आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले ते 15 ऑगस्ट 1995 रोजी. विदेश संचार निगम या सरकारी कंपनीने मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास अशा मोठ्या शहरांतून ही सेवा दिली. टेलिफोनच्याच तारेवरून जोडणी होत असल्यामुळे इंटरनेट चालू असेपर्यंत फोन बंद राही. 1998 मध्ये खासगी कंपन्यांना हे क्षेत्र खुले झाले. 2000 मध्ये दूरसंचार खात्याची सेवा भारत संचार निगम या कंपनीकडे आली आणि 2005 मध्ये तिने 'डेटावन' या नावाने घरगुती ब्रॉडबँड आणले. तिच्या काही योजनांत मध्यरात्री दोन ते सकाळी आठ या वेळेतील वापर मोजला जात नसे. त्यासाठी गजर लावून उठणारे विद्यार्थी त्या पिढीतील अनेकांना आठवत असतील. त्याआधीच, 2004 च्या ब्रॉडबँड धोरणात 2010 पर्यंत दोन कोटी जोडण्यांचे उद्दिष्ट ठरले होते. प्रत्यक्षात त्याच्या जवळपास निम्म्यापर्यंतच मजल गेली.

असे का झाले, याची अनेक कारणे असतील. पण एक कारण तारेतच होते. त्या काळचे ब्रॉडबँड टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून धावे. ज्याच्या घरी आधीच फोन होता, त्याला ते सहज मिळे. ज्याच्या घरी फोन नव्हता, त्याच्या दारापर्यंत तारच नव्हती. शिवाय टेलिफोन केंद्रापासून काही किलोमीटर दूर गेले की वेग मंदावत जाई. केंद्र बाजारपेठेजवळ आणि आपली वस्ती गावाच्या टोकाला. तांडे आणि पाडे तर त्याहूनही पलीकडे. कंपनीने मुद्दाम कुणाला वगळले, असे म्हणण्याचे कारण नाही. तिने पैसे मिळतील तिकडे तार नेली. परंतु ज्यांना पूर्वी फोन मिळाला नाही, त्यांनाच पुढे इंटरनेट मिळाले नाही. जुनी विषमता नव्या तारेतून पुढच्या पिढीकडे गेली.

2016 नंतर मोबाइलवरील इंटरनेट स्वस्त झाले आणि हा प्रश्न मिटला, असे अनेकांना वाटते. तथापि घरात एकच फोन असतो, तो वडिलांबरोबर कामावर जातो आणि रिचार्ज संपला की पुढच्या मजुरीची वाट पाहतो. 2017-18 च्या राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार इंटरनेटची सोय असलेली कुटुंबे शहरांत सुमारे 42 टक्के, तर खेड्यांत केवळ 15 टक्के होती. 2020 मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा या आकड्यांचा अर्थ प्रत्येक पालकाला कळला. आजही शिष्यवृत्तीचा अर्ज 'महाडीबीटी'च्या संकेतस्थळावरच भरावा लागतो. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका, सारे तेथे चढवावे लागते. प्रवेशपरीक्षांचे अर्जही तसेच. मोबाइलच्या लहानशा पडद्यावर हे जमत नाही, म्हणून पालक रोजगार बुडवून तालुक्याला जातात आणि इंटरनेट केंद्रात पैसे मोजतात. अर्ज अपुरा राहिला तर मुलीचे वर्ष वाया जाण्याची धास्ती असते.

यावर एक आक्षेप हमखास येतो. मोबाइलमुळे मुले बिघडतात आणि निवासी शाळेची शिस्त मोडते, हा तो आक्षेप. पालकांची ही काळजी खोटी नाही. याच संदर्भात केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर 2019 मध्ये दिलेला निकाल अभ्यासण्याजोगा आहे. वसतिगृहातील संध्याकाळच्या मोबाइलबंदीला विरोध केल्यामुळे एका महाविद्यालयीन विद्यार्थिनीला वसतिगृहातून काढून टाकण्यात आले होते. इंटरनेट मिळणे हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे, असे सांगून न्यायालयाने तिला परत घेण्याचा आदेश दिला. ती विद्यार्थिनी सज्ञान होती, हे खरे. त्यामुळे पाचवी-सहावीतल्या प्रत्येक मुलाच्या हाती फोन द्यावा, असा याचा अर्थ होत नाही. मात्र शिस्तीच्या नावाखाली ज्ञानाचे दारच बंद ठेवता येणार नाही, एवढा बोध त्यातून घ्यावा. कंपनीला प्रत्येक खिशात एक जोडणी हवी असते. शाळेला हवी आहे ती सर्वांसाठी एक खोली, चांगली जोडणी, ठरलेली वेळ आणि शेजारी बसणारा शिक्षक.

हे साध्य करण्यासाठी तीन गोष्टी आपल्या हाती आहेत.

पहिली गोष्ट हक्क मागण्याची. ग्रामीण व दुर्गम भागातील सेवेसाठी 2002 मध्ये सार्वत्रिक सेवा निधी सुरू झाला. दूरसंचार कंपन्यांच्या समायोजित महसुलाच्या 5 टक्के रक्कम त्यासाठी घेतली जाते. म्हणजे अखेर ती आपण भरलेल्या बिलांतूनच जाते. याच निधीतून सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींना ऑप्टिकल फायबरने जोडण्याची योजना 2011 मध्ये मंजूर झाली. तिलाच पुढे 'भारतनेट' हे नाव मिळाले. आपल्या पंचायतीत ती जोडणी आली आहे काय, चालू आहे काय आणि तेथून शाळेपर्यंत का येत नाही, हे ग्रामसभेत उभे राहून विचारले पाहिजे.

दुसरी गोष्ट दानाची. संगणक भेट देणारे दाते मिळतात, त्यावर नावाची पट्टीही लागते. दरमहाचे बिल भरणारा दाता मात्र मिळत नाही आणि जोडणी तुटली की संगणकांवर धूळ साचते. माजी विद्यार्थ्यांच्या एकेका तुकडीने एकेका वर्षाचे बिल आपल्या शिरावर घेतले, तर हे संकट कायमचे टळेल.

तिसरी गोष्ट सुट्टीची. मुले घरी जातात तेव्हा शाळेची खोली त्यांच्याबरोबर जात नाही. वस्तीतील समाजमंदिरात अभ्यासिका आणि तेथे एक सामायिक जोडणी असेल, तर शाळेतील मुलांबरोबर वस्तीतील इतर लेकरांचाही अर्ज वेळेवर जाईल.

कंपनी तार आणील ती व्यवहार म्हणून. त्या तारेचा उपयोग गरिबाच्या मुलीच्या शिक्षणासाठी व्हावा, ही जबाबदारी तिची नव्हे, ती आपली आहे. ज्या शाळेने आपल्याला पहिल्यांदा पुस्तकांच्या कपाटाची किल्ली दिली, तिच्या आजच्या विद्यार्थ्यांसाठी एवढे करणे आपले कर्तव्यच आहे.