कचऱ्याचा निवाडा घरातच व्हावा

शहरांतील कचऱ्याचा विषय निघाला की आपण महापालिकेच्या कारभाराकडे बोट दाखवतो. घंटागाडी वेळेवर येत नाही, पेट्या भरून वाहतात, मुकादम दाद देत नाही, या तक्रारी बहुतांशी खऱ्याही असतात. परंतु या संबंध व्यवस्थेत एक काम असे आहे की जे कोणत्याही महापालिकेला, तिच्या हाताशी कितीही द्रव्य आणि कितीही अद्ययावत यंत्रसामग्री असली तरी, गृहस्थाच्या वतीने नीट करता येत नाही. आणि ते म्हणजे ओला व सुका कचरा मुळातच एकमेकांत मिसळू न देणे.

भाजीची देठे, फळांच्या साली, उरलेले खरकटे ही हातावेगळी होताना निव्वळ नैसर्गिक द्रव्ये असतात. त्याच क्षणी बाजूला पडलेले वर्तमानपत्र, पुठ्ठा किंवा काचेची बाटली यांना रद्दीवाल्याकडे मोलही असते. ही दोन्ही एका पिशवीत कोंबून तिला गाठ मारली की मात्र कागद भिजून कवडीमोल होतो, खरकट्यात काचा आणि विजेरीचे सेल मिसळल्यामुळे त्याचे खत करण्याची सोय उरत नाही, आणि जे निम्म्याहून अधिक पुन्हा उपयोगी पडले असते ते सारे डेपोच्या ढिगावर जाऊन पडते. तेथे हवेवाचून कुजताना त्यातून मिथेन हा ज्वालाग्राही वायू निघतो आणि पाझरणारे काळे पाणी जमिनीत मुरून विहिरींपर्यंत पोहोचते.

पुणे शहराचा कचरा वर्षानुवर्षे उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांच्या शिवारात जाऊन पडत राहिला. तेथील ग्रामस्थांनी दुर्गंधी सोसली, विहिरींचे पाणी नासलेले पाहिले, अर्ज केले, आंदोलने केली; एप्रिल २०१७ मध्ये डेपोला आग लागल्यानंतर त्यांनी शहरातून येणाऱ्या कचऱ्याच्या गाड्याच अडवल्या, तेव्हा कोठे पेठांमधील आणि उपनगरांमधील रहिवाशांना आपल्या दारातल्या पिशवीचा पुढचा प्रवास ठाऊक झाला. स्वतःचे अंगण निर्मळ राखण्यासाठी दुसऱ्याच्या शेतात घाण नेऊन टाकणे, याला स्वच्छता हे नाव देता येणार नाही.

याहून गंभीर बाब त्या हातांची आहे, जे आपली गाठ मारलेली पिशवी सोडतात. पुण्यात १९९३ साली डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, आणि तिच्यातूनच निघालेल्या ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने २००८ पासून महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करण्याचे काम अंगावर घेतले. यांतील बहुसंख्य स्त्रिया आहेत. जिन्याखाली बसून त्यांपैकी एखादी मिश्र कचऱ्याची पिशवी पालथी करते, तेव्हा आमटीने माखलेल्या कागदातून वस्तरापात्याचा तुकडा किंवा रक्ताळलेले पॅड तिच्या बोटांना लागते. वापरलेले पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका द्यावा, एवढीच या भगिनींची मागणी आहे. ती मान्य करण्यास आपल्याला एक जुना कागद आणि अर्धा मिनिट पुरतो.

२०१६ साली केंद्र सरकारने केलेल्या नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग घरातच वेगळे ठेवणे प्रत्येकास बंधनकारक केले. परंतु कायद्याचा अंमल अखेर स्वयंपाकघराच्या ओट्यापाशीच व्हावयाचा असतो. दुधाच्या पिशवीचा कोपरा कापताना नखाएवढा तुकडा समूळ तोडून न टाकता पिशवीलाच लटकत ठेवावा, कारण सुटलेला तुकडा कोणत्याही वेचक हाताला सापडत नाही. रिकामी पिशवी विसळून, ते पाणी कुंडीत ओतून, ती वाळत घालावी. ओल्या कचऱ्यासाठी बुडाला व कडेला भोके पाडलेली जुनी बादली पुरते. तळाशी वाळलेला पाला, वर बारीक केलेली देठे आणि साली, त्यावर पुन्हा मूठभर पाला, आणि अधूनमधून काठीने वरखाली करणे, एवढ्यावर काही महिन्यांत उत्तम खत होते. वास येऊ लागलाच तर ओल अधिक झाली आहे असे समजून पाला वाढवावा. सेल, ट्यूबलाइट आणि मुदत संपलेली औषधे यांचा डबा निराळा ठेवावा.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, की आम्ही वेगळे करून दिले तरी गाडीत सारे एकत्रच टाकतात. काही ठिकाणी हे घडते, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु ज्या घरातील ओला कचरा बादलीतच जिरतो, त्या घरापुरता हा आक्षेप आपोआप निकालात निघतो, कारण गाडीत एकत्र करण्याजोगे त्या घरातून काही जातच नाही. दुसरे असे की हे काम घरातील स्त्रीवर किंवा मोलकरणीवर सोपवून मोकळे होण्याची आपली जी रीत आहे, ती सुटली पाहिजे. जो जेवतो त्याने आपल्या ताटातले खरकटे कोठे जाते हेही पाहिले पाहिजे.

सोसायटीच्या येत्या सर्वसाधारण सभेत मिश्र पिशवी दाराबाहेर न ठेवण्याचा ठराव करून घ्यावा, आणि तो महिना-दोन महिने कसोशीने पाळल्यानंतर, गाडीत कचरा एकत्र होत असल्यास तारीखवार लेखी तक्रार क्षेत्रीय कार्यालयात द्यावी. आपल्या वाट्याचे काम ज्याने चोख बजावले आहे, त्याचा अर्ज कोणत्याही दफ्तरात सहजासहजी बाजूला सारता येत नाही.